एक गाटा जास्त

लोहाऱ्याहून आलेला तो व्हिडिओ दैवशालाबाईंनी तीनदा पाहिला, मग फोन पालथा घातला आणि अंगणवाडीतल्या पोरांना खिचडी वाढायला घेतली. एका पोराच्या ताटात दोनदा पडली, शेजारच्याच्या ताटात पडलीच नाही. मदतनीस मथुराबाई हसायला लागली.

"बाई, आज तुमचं ध्यान कुठंय?"

ध्यान बेचाळीस वर्षं मागं गेलं होतं.

भूमपासून सहा-सात किलोमीटरवर, माळाला टेकून त्यांचं गाव. वडील भागवत मेंढरं राखायचे. आठ महिने कळपामागं रानोमाळ आणि चार महिने घरी, असा त्यांचा संसार. त्या साली कळप तुळजापूरच्या शिवारात होता. कोजागरी आली तसं सगळे देवीला गेले. कर्नाटकातून पायी आलेल्या लोकांनी गाव नुसतं फुललं होतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भागवत नारळ आणायला गेले, आई सिताबाई रांगेत थांबली आणि तीन वर्षांच्या सिदूचा हात तिनं आठ वर्षांच्या दैवशालाच्या हातात दिला. समोर बांगड्यांचा गाडा होता. एक बांगडी घालून बघावी म्हणून दैवशालानं हात सोडला. बांगडी मनगटावर चढेपर्यंत सिदू दिसेनासा झाला.

मग जे व्हायचं ते सगळं झालं. पोलीस चौकी झाली, भोंग्यावरून पुकारा झाला. भागवतांनी सोलापूर, बार्शी, अक्कलकोट पायाखाली घातलं. सिताबाई देवीवर अशी रुसली की पुन्हा तुळजापुरात पाऊल टाकलं नाही. "माझं एक लेकरू तिला सांभाळता आलं न्हाय, तिच्या दारात म्या कशापायी जाऊ?" असं ती सरळ म्हणायची. दैवशालाला मात्र कुणी कधी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं.

मधल्या काळात दोन सिदू येऊनही गेले. पहिला परांड्याकडचा. त्याच्या गुडघ्यावर भाजल्याचा डाग होता, आणि सिदूच्याही होता. तो आठ दिवस राहिला, तीनदा कोंबडी खाल्ली आणि नवव्या दिवशी भागवतांचं नवं धोतर आणि एक करडू घेऊन दिसेनासा झाला. दुसऱ्याला एका बुवानं आणलं होतं. त्याचं वय सिदूपेक्षा दहा वर्षांनी जास्त निघालं. दोन्ही वेळा गाव पोट धरून हसलं, पण दोन्ही वेळा सिताबाई आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळली. भागवत गेल्यावर दैवशालानं मनाशी ठरवून टाकलं, की आता तिसरा आला तर त्याला आपण आधी गाठायचं आणि आईपर्यंत पोचूच द्यायचं नाही.

आणि हा तिसरा आला होता, फोनमधून. पाठवणारा उत्तरेश्वर, तिचा मामेभाऊ, लोहाऱ्याच्या तहसीलमध्ये कारकून. त्याचा ट्रॅक्टर बिघडला तेव्हा कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातून एक मिस्त्री आला होता. चहा पिताना त्यानं आपली हकीकत सांगितली आणि उत्तरेश्वरच्या हातातला कप तसाच राहिला.

व्हिडिओत पंचेचाळिशीचा, तेलकट सदऱ्यातला एक माणूस कॅमेऱ्याऐवजी कॅमेऱ्याच्या वरती बघत बोलत होता. "नमस्कार. माझं नाव वीरप्पा. ट्रॅक्टर दुरुस्त करतो. मी बारका असताना तुळजापूरला आमच्या लोकाच्या ट्रकमधे झोपला होता. गठुड्याच्या मधे. गावाला गेल्यावर बघितले, कुणाचा मुलगा? ह्याला वाटले त्याचा, त्याला वाटले ह्याचा. कुणाचाच नाही! मग अव्वा, म्हणजे आई, म्हणाली, राहू दे, माझा." इथं तो हसला. "आता अव्वा म्हातारी झाली. म्हणते, त्यांना शोध. म्हणून शोधतो."

दैवशाला तीनदा थांबली ती त्या हसण्यापाशी. हसताना त्याचा एक डोळा अर्धा मिटत होता. भागवतांचाही मिटायचा. पण डाग काय आणि डोळा काय, एकदा फसलेल्या माणसाला सगळंच सारखं दिसतं. तिनं उत्तरेश्वरला फोन लावला.

"मायला दाखवलास का?"

"न्हाय बा. पहिलं तुलाच."

"मग कुणालाच दाखवू नको. आमी आधी डीएनए करू."

हा शब्द तिला टीव्हीवरून ठाऊक होता. पण डीएनए कुठं करतात, हे टीव्हीनं सांगितलं नव्हतं. ते तिनं दीपमालाला विचारलं. दीपमाला गावातलीच पोर; दैवशालाच्याच अंगणवाडीत नाक पुसत मोठी झाली आणि आता धाराशिवच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होती. दीपमालानं चौकशी केली. एका खासगी लॅबचं नमुने घेणारं सेंटर धाराशिवलाच होतं. नमुना तिथं द्यायचा, तपासणी हैदराबादला होणार. आई आणि मुलगा दोघांचा नमुना लागेल.

म्हणजे आईला सांगणं आलंच. दैवशालानं धीर गोळा करून सांगितलं, व्हिडिओ दाखवला आणि वर बजावलं, "हे बघ माय, कागद येईस्तोवर हा फक्त वीरप्पा. कळलं?"

सिताबाईनं मान हलवली. पंच्याहत्तरीची म्हातारी, पण मान अशी हलवली जशी शाळेतली शहाणी मुलगी. तिथंच दैवशालाला शंका यायला हवी होती.

ठरल्या दिवशी वीरप्पा उमरग्यावरून एसटी बदलत धाराशिवला आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. नखांत मात्र ऑईल तसंच. दैवशालाच्या हातातली फाईल बघून तो तिला मॅडम म्हणायला लागला, आणि तिनंही दुरुस्त केलं नाही. सेंटरमध्ये काऊंटरवर कागद भरायला ती गेली. पाच मिनिटं लागली असतील. परत येऊन बघते तर वीरप्पाचे दोन्ही गाल फुगलेले आणि सिताबाईच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा उघडा! कुंथलगिरीचे पेढे. कमरेच्या पिशवीत दडवून आणले होते.

"माय! काय सांगितलं होतं?"

"सांगितलं तेच करालेय. पावण्याला पेढा द्यायला कागद लागतो व्हय?"

नमुना घेणारी मुलगी हातात कापसाच्या काड्या घेऊन आली आणि तिनं कपाळाला हात लावला. गालाच्या आतून नमुना घ्यायचा, तोंड स्वच्छ हवं. आता चूळ भरा आणि अर्धा तास बसा.

त्या अर्ध्या तासात दैवशाला फाईल छातीशी धरून पलीकडच्या बाकावर बसली आणि नको म्हणत असतानाही सगळं ऐकत राहिली.

"जेवतोस का टायमावर?"

"ऊटा? व्हय व्हय. दोन वेळ."

"बायकू काय नावाची?"

"शांतम्मा. दोन मुली आहे."

"आन ती? तुझी अव्वा? मारायची का तुला?"

वीरप्पानं विचार केला. "एकदा. इंजिन खोलला होता मी. शेजारच्याचा."

सिताबाई इतकी खळखळून हसली की काऊंटरवरची माणसं वळून बघायला लागली. मग तिनं हळूच विचारलं, "तुला काही आठवतं का रं? मेंढरं? माळ?"

"नेनपिल्ल," तो म्हणाला, आणि तिला कळलं नाही असं वाटून पुन्हा म्हणाला, "काहीच आठवत नाही. खोटे कशाला सांगू?"

पहिल्या दोघांना सगळं आठवत होतं. परांड्याच्याला तर जन्मायच्या आधीचंही. ह्याला काहीच आठवत नव्हतं, आणि दैवशालाच्या मनात काहीतरी किलकिलं झालं. तिनं ते घाईनं बंद केलं.

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. आला तो दैवशालाच्या फोनवर, इंग्रजीत, नुसते आकड्यांचे रकाने. तिनं सेंटरला फोन केला. तिथल्या माणसानं आकड्यांवरून डोळे फिरवले असावेत.

"एका ठिकाणी जुळत नाहीये, ताई."

"म्हणजे?"

"म्हणजे पूर्ण मॅच नाही. अनिर्णित लिहिलंय. पुढचं आम्ही नाही सांगू शकत."

तिनं फोन ठेवला. अंगणवाडीत पोरं बडबडगीत म्हणत होती. घरी आई रोज सकाळी विचारत होती, आला का कागद, आणि दैवशालानं त्या दिवशी सांगितलं, नाही आला. सायंकाळी वीरप्पाचा फोन आला. "मॅडम, आला का?" त्यालाही सांगितलं, नाही आला. मागून कुणीतरी म्हातारी कानडीत काहीतरी विचारत होती. "अव्वा विचारते," वीरप्पा म्हणाला, "त्या आईची तब्येत कशी?"

दैवशालाला खोटं बोलायची सवय नव्हती. एका दिवसात दोनदा बोलल्यावर तिसऱ्यांदा बोलण्याची तिची छातीच झाली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिनं सकाळची धाराशिवची गाडी पकडली.

दीपमाला प्रयोगशाळेत एकटीच होती. दैवशालानं फोन तिच्या पुढ्यात ठेवला. "हे बघ. तिसरापण खोटाच निघाला."

दीपमालानं रिपोर्ट मोठा करून बघितला. एक ओळ, दुसरी ओळ, बोट खाली सरकत गेलं, एका ठिकाणी थांबलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. "ताई, खोटा कुणी म्हटलं तुम्हाला?"

"जुळत न्हाय म्हणे."

"तेवीस ठिकाणं तपासलीत. बावीस जुळतायत. अन् जे जुळत न्हाय ते बघा तरी कसं जुळत न्हाय! बसा. चहा घेता? न्हाय, आधी हे ऐका."

तिनं भिंतीवरचा तक्ता पुढं ओढला. त्यावर तेवीस जोड्या काढल्या होत्या, मधे कंबर असलेल्या बुटक्या काड्यांसारख्या.

"ही गुणसूत्रं. निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून. चार अक्षरांत लिहिलेला मजकूर आहे. एका संचात तीनशे कोटी अक्षरं. आता तुम्हाला वाटंल, एवढ्या अक्षरांत काय काय लिहिलं असंल! तर निम्म्याहून जास्त मजकूर तोच तो आहे."

"तोच तो?"

"पुन्हा पुन्हा लिहिलेला. पण कसाही न्हाय, त्याची मांडणी ठरलेली आहे. काही तुकडे विखुरलेले असतात. तीनेकशे अक्षरांचा एक तुकडा आहे, त्याच्या दहा लाखांवर नकला माणसाच्या मजकुरात इथं-तिथं पडल्यात. एकीकडून नक्कल निघाली अन् दुसरीकडं जाऊन बसली, असं लाखो वर्षं चाललं. अन् काही तुकडे एकाला एक लागून असतात, रांगेत. ह्या काडीची कंबर दिसते ना? तिथं एकशे एकाहत्तर अक्षरांचा तुकडा हजारो वेळा सलग. टोकाला सहा अक्षरांचा. इतकं सारखं की शास्त्रज्ञांना बरीच वर्षं ते भाग धड वाचताच आले न्हायत. कुठला तुकडा कुठं ठेवायचा तेच कळंना. तीन-चार वर्षांमागं कुठं एक संच सलग वाचून झाला."

"दीपा," दैवशाला काकुळतीला येऊन म्हणाली, "सगळ्यांचं तेच ते असंल, तर त्यातून माणूस वळखायचा कसा?"

"तेच तर सांगते. ह्या रांगवाल्यांत काही बारक्या रांगा असतात. चार-चार अक्षरांच्या. ही एक घ्या." तिनं खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: गाटा गाटा गाटा. "ही रांग तुमच्यात आहे, माझ्यात आहे, सगळ्यांत आहे, एकाच जागी. पण कुणाची आठ वेळा, कुणाची अकरा. प्रत्येकाकडं दोन रांगा, एक आईची, एक बापाची. लॅबवाले अशा तेवीस जागी जातात अन् मोजतात, बस. लेकराची एक रांग आईच्या दोनांपैकी एकीशी जुळायलाच पायजे."

"आन इथं जुळत न्हाय."

"इथं मावशींकडं, तुमच्या आईकडं, आहे आठची अन् अकराची. वीरप्पांकडं दहाची अन् बाराची. आठ न्हाय, अकरा न्हाय. पण अकराला बारा किती जवळ आहे! ताई, आईचा मजकूर लेकरात उतरताना त्याची नक्कल होते. बाकीचा मजकूर नीट उतरतो. पण तेच ते शब्द सलग आले की नक्कल करणारं घसरतं. एखादा गाटा जास्त पडतो, न्हायतर एक गळतो. क्वचित होतं, पण होतं."

दैवशाला फळ्याकडं बघत राहिली. मग तिच्या तोंडून हसू फुटलं. "आमची पोरं ध्रुपद म्हणताना तेच करत्यात. दोनदा म्हणायचं तर तीनदा म्हणत्यात, आन पुढं गाणं बरोबर."

"अगदी तसंच."

"मग हाच सिदू?"

दीपमाला चटकन हो म्हणाली नाही. दैवशालाला तिचं तेच आवडलं. "बहुतेक. पण बहुतेकवर मी तुम्हाला घरी पाठवणार न्हाय. आणखी ठिकाणं तपासू. अन् एक वेगळा छोटा मजकूर असतो, तो फक्त आईकडूनच लेकरांना येतो, तो पण तपासू. अन् तुमचा नमुना देऊ."

"माझा कशाला?"

"तुमच्यात तुमच्या वडिलांच्या निम्म्या रांगा हायत ना! भागवतमामा तर आता न्हायत. त्यांचं काय होतं ते तुमच्याकडूनच कळणार."

नमुना द्यायच्या आधी दैवशालानं तीनदा चूळ भरली.

दुसरा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस तिला सोपे गेले असं नाही. पण आता ती खोटं बोलत नव्हती. वीरप्पाला तिनं खरं ते सांगितलं: एका जागी घोळ आहे, पुन्हा तपासतायत. मग तो म्हणाला, "मॅडम, गाडीत पण असे होते. सगळे बरोबर, एक नट नंबर वेगळा. गाडी तीच असते." तिनं फोन ठेवला आणि अंगणवाडीच्या ओट्यावर बसून एकटीच हसत राहिली.

रिपोर्ट आला तो थेट दीपमाला घेऊन आली, रविवारी, गावात. सिताबाई ओसरीवर लसूण सोलत होती. दीपमालानं कागद उलगडला आणि पहिल्यांदा नुसतं एवढंच म्हणाली, "मावशी, तुमचाच."

सिताबाईनं लसणाची पाकळी खाली ठेवली. "हे तर म्या पेढा देतानाच सांगितलं असतं. तुमी इचारलं न्हाय." पण बोलताना पदर डोळ्यांना लागला तो बराच वेळ खाली आला नाही. दैवशाला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

रडून झाल्यावर म्हातारीला सगळं समजून घ्यायचं होतं. दीपमालानं ओसरीवर लसणाच्या पाकळ्या मांडून दाखवलं. "दैवशालाताईंच्या ह्या रांगा: अकराची एक, ती तुमची. दहाची एक. ती तुमच्याकडं न्हाईच, म्हणजे ती मामांची. आता वीरप्पांच्या बघा. दहाची एक: मामांची. अन् दुसरी बाराची. तुमच्या अकरात एक गाटा जास्त पडला. बाकी नव्यानं तपासलेली सगळी ठिकाणं जुळली, आईकडून येतं ते तर अक्षर न् अक्षर जुळलं."

"म्हंजे माझ्याकडून एक जास्त गेलं?"

"व्हय."

"त्यात काय इपरीत!" सिताबाई म्हणाली. "लेकराला देताना म्या कधी मोजून दिलं का?"

दीपमालाला पुढं काही बोलताच येईना, इतकं हसू आलं.

वीरप्पाला फोन लावायचं काम दैवशालाचं. तो ट्रॅक्टरखाली होता, मागं पाना आपटल्याचा आवाज येत होता. तिनं काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. "मी मॅडम न्हाय," ती म्हणाली, "म्या तुझी भैन हाय." पलीकडं पाना थांबला.

पंधरा दिवसांनी टेम्पो करून ते सगळे आले. वीरप्पा, शांतम्मा, दोन मुली, आणि पुढच्या सीटवर इरम्मा, वीरप्पाची अव्वा. बारीक चणीची, काठाचं इरकल नेसलेली, मांडीवर ज्वारीच्या कडक भाकरींची चळत आणि शेंगाचटणीचा डबा. गाव लोटलं होतं. पण दैवशालाचं लक्ष इरम्माकडं होतं. टेम्पोतून उतरल्यावर ती जागची हललीच नाही. सगळे वीरप्पाला ओसरीकडं नेत होते आणि ही डबा पोटाशी धरून टेम्पोच्या सावलीत उभी. आणून देऊन परत जायचं असतं तशी.

दैवशाला तिच्याकडं निघाली, पण सिताबाई तिच्या आधी पोचली. पोरालाही ओलांडून ती थेट इरम्मापुढं गेली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. एकीला मराठी येत होती, एकीला कानडी. मधली भाषा दोघींनाही येत नव्हती. सिताबाईनं तिच्या हातातला डबा घेतला, दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं आणि ओढतच ओसरीवर आणून स्वतःच्या शेजारी बसवलं.

"हिला चहा आणा आधी," ती म्हणाली. "माझ्या लेकराला वाढवून दमली आसंल."

वीरप्पानं ते कानडीत सांगितलं. इरम्मानं एकदम तोंडाला पदर लावला, आणि मग तिचं बोलणं जे सुरू झालं ते थांबेना. वीरप्पा मागून धावत सांगत होता. ट्रकवाल्यानं चौकीत कळवतो म्हणून सांगितलं होतं, त्यानं कळवलं की नाही, देव जाणे. पुढच्या कोजागरीला इरम्मा पोराला खांद्यावर घेऊन तुळजापूरला आली, दोन दिवस महाद्वारापाशी बसली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिली. कुणी ओळखलं नाही.

सिताबाईनं हे ऐकलं आणि डोळे मिटले. त्या कोजागरीला ती घरी रुसून बसली होती. "बघ की," ती स्वतःशीच पुटपुटली, "देवीनं दारात आणून बशिवला व्हता. म्याच गेले न्हाय."

"आन दुसऱ्या वर्षी?" दैवशालानं विचारलं.

इरम्मानं मान खाली घातली. वीरप्पा थोडं थांबून म्हणाला, "दुसरे वर्षी तिला भीती वाटली. कुणी ओळखला तर?"

इरम्मा मग दैवशालाकडं बोट करून काहीतरी विचारायला लागली. वीरप्पा सांगताना अडखळला. "अव्वा विचारते, हीच का ती? म्हणते, मी आलो तेव्हा आठ दिवस रडत होतो. एकच शब्द. आक्का, आक्का. आमच्याकडं पण मोठ्या बहिणीला आक्काच म्हणतात. म्हणून अव्वाला एवढे एकच कळले, की ह्याला मोठी बहीण आहे. अव्वा म्हणते, जेवायचा नाही, तर मी सांगायची, हा घास आक्काचा. मग खायचा."

दैवशाला उठून आत गेली. चुलीपाशी उगाच भांडी हलवली, तोंडावर पाणी मारलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताटं होती आणि आवाज अंगणवाडीतल्यासारखा खणखणीत होता. "चला, पंगत बसवा! वीरप्पा, तू ह्या बाजूला. मुलींनो, इकडं."

"व्हय आक्का," तो म्हणाला. सहज म्हणाला. ती वाढायला वाकली आणि ह्या वेळी एकाच ताटात दोनदा नाही, चांगलं चारदा पडलं.

आता रोज सकाळी साडेसातला सिताबाई आळंदला फोन लावते. वीरप्पाची चौकशी एका वाक्यात उरकते आणि म्हणते, "तिला दे." मग एकीकडून मराठी आणि एकीकडून कानडी, अर्धा-अर्धा तास. गुडघे, सून, पाऊस, वीरप्पाचा हट्टीपणा. हसायचं कुठं, ते दोघींना बरोबर कळतं. पहिले काही दिवस दैवशाला आणि वीरप्पा अर्थ सांगायला मधे मधे बोलायचे. एके दिवशी सिताबाईनं लेकीला झापलं, "तू गप बस गं, आमचं नीट चाललंय." तिकडून त्याच वेळी इरम्माचा कानडीतला ओरडा ऐकू आला, आणि वीरप्पा हसत म्हणाला, "आक्का, मला पण तेच सांगितले."